धुरावरचे काजू

"आता कसलो वास येता?"

सासूबाईंनी हा प्रश्न त्या सकाळी मला सहाव्यांदा विचारला. परसात तीन दगडांच्या चुलीवर बिनबुडाचं पत्र्याचं पिंप उभं केलेलं होतं. खाली करवंट्यांचे निखारे, त्यांवर सुताराकडून आणलेली आंब्याच्या लाकडाची भुशी. पिंपाच्या तोंडावर बांबूची रोवळी, रोवळीत मिठाच्या पाण्यातून काढून वाळवलेले काजूगर आणि वर ओलं गोणपाट. गोणपाटाच्या कडेकडेने धूर बाहेर येत होता. मी डोळे पुसत म्हणाले,

"धुराचा."

"धूर माकाय दिसता. मी वास विचारतंय."

"जरा… जळकट."

"जळकट म्हणजे कडू काय गोड?"

मी पुन्हा वाकले, नाकात धूर गेला, ठसका लागला. सासूबाई शांतपणे बाजूला उभ्या. हातात काठी, पदर कमरेला खोचलेला, नजर माझ्या तोंडावर. शाळेत गणिताच्या बाई फळ्याजवळ उभं करून उत्तराची वाट बघायच्या, ते मला आठवलं.

"कडूही नाही, गोडही नाही. कच्चा आहे अजून."

"बरा," त्या म्हणाल्या आणि मूठभर भुशी निखाऱ्यांवर टाकली.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या एप्रिलमधली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि लग्न होऊन मला दीड वर्ष झालं होतं. माहेर माझं बार्शीचं. सासर कुडाळपासून आत, आंबेखोल नावाच्या गावात. मोजून चाळीस घरं, उतारावर काजूच्या बागा, खाली ओहोळ. माझे यजमान, सदानंद, वीज मंडळात लाइनमन होते आणि उन्हाळ्यात त्यांचे आठ-आठ दिवस खांबांवरच जायचे. घरात मी, सासूबाई आणि नणंद शालन. सासरे मी आले त्याच्या तीन वर्षं आधी गेलेले. त्यांना मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं.

शालनचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. देवगडची माणसं, मुलगा पोस्टात. सासूबाईंनी मुलाकडच्यांना आधीच सांगून टाकलं होतं की पाहुण्यांच्या हातावर ठेवायला काजू आमच्या घरचे असतील, धुरावरचे.

त्या पंचक्रोशीत आमच्या सासूबाईंच्या काजूंचं नाव होतं, हे मला लग्न ठरलं तेव्हाच कळलं होतं. कोणाकडे कार्य निघालं की त्यांना, सत्यवतीकाकींना, बोलावणं यायचं. बिया सगळेच भाजायचे. भोकं पाडलेल्या पत्र्यावर बिया टाकायच्या, खाली नारळाची सोडणं पेटवायची, बियांचं तेल पेट घेऊन भडकलं की पत्रा उलटा करून वर राख लोटायची, मग फोडायच्या. ते कोणीही करील. पण फोडलेले गर सालीसकट पुन्हा मंद धुरावर धरायचे आणि नेमक्या क्षणी उतरवायचे, हे त्यांनाच जमायचं. साल अंगावर असल्यामुळे रंगावरून काही कळत नाही. आधीही तपकिरी, नंतरही तपकिरी. कळतं ते वासावरून. दोन मिनिटं आधी उतरवले तर नुसते खारे काजू, दोन मिनिटं उशीर झाला तर कडू जहर.

मी आल्यापासून मात्र त्यांनी एकदाही हे काम केलं नव्हतं. बोलावणी यायची, त्या सांगायच्या, "गुडघे धरतत. उबा रवाक जमना नाय." मला नवल वाटायचं, कारण त्याच गुडघ्यांनी त्या धुण्याची बादली घेऊन रोज ओहोळावर उतरायच्या आणि पिळे खांद्यावर टाकून चढ चढून यायच्या. पण मी नवी सून. विचारणार कोण?

आमच्या दोघींचं तसं भांडण नव्हतं. पण जवळीकही नव्हती. मला त्यांचं बोलणं सुरुवातीला निम्मं कळायचं नाही, त्यांना माझं कळायचं पण आवडायचं नाही. त्याहून मोठं कारण माझा स्वयंपाक. मी काहीही केलं, तरी पहिला घास घेऊन त्या दोन क्षण थांबायच्या आणि म्हणायच्या, "मीठ बरोबर आसा. चव नाय."

दीड वर्ष रोज हे ऐकलं की माणसाचं काय होतं ते मी सांगू शकते. मी आधी खोबरं वाढवलं. मग तिरफळं वाढवली. मग लसूण, मग माहेरचं काळं तिखट. सदानंद मुकाट्याने जेवायचे आणि मधेमधे तांब्याभर पाणी प्यायचे. एकदा न राहवून म्हणाले, "अगं, जरा बेताने." आणि त्याच आमटीची वाटी ओठांना लावून सासूबाई म्हणाल्या, "चव नाय."

मी मागच्या दारी जाऊन रडले होते.

आता लग्न आलं आणि त्यांनी मला धुराजवळ उभं केलं. शालनला नाही. "ती नवरी. तिका धूर नको, काळी पडात." मग मीच. पहिल्या दिवशी मला वाटलं, शिकवतायत. बरंही वाटलं. पण त्या शिकवत काहीच नव्हत्या. नुसतं विचारायच्या. आता कसला वास? आणि आता? मघापेक्षा वेगळो काय? मी चुकीचं सांगितलं की नाही, तेही सांगायच्या नाहीत. हुंकार द्यायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचं. तीन दिवस थोड्या थोड्या काजूंवर हा प्रकार चालला. काही कच्चे उतरले, काही बरे. रोज संध्याकाळी माझ्या केसांना, लुगड्याला, उशीला धुराचा वास, आणि मनात एकच की ही बाई माझी परीक्षा घेते आणि निकाल मात्र सांगत नाही.

चौथ्या दिवशी भागीरथीआत्या आल्या. सासऱ्यांच्या धाकट्या बहीण, सावंतवाडीला दिलेल्या. जीभ तिखट, पण कामाला वाघ. आल्या आल्या त्यांनी लग्नाचे तांदूळ निवडायला घेतले आणि माझ्याकडे बघून सासूबाईंना म्हणाल्या, "वयनी, ह्या तुमच्या देशावरच्या सुनेक काजू म्हणजे दुकानातले पांढरे म्हायत आसतले."

सासूबाईंनी तांदळातला खडा वेचून टाकला.

त्या रात्रीचा स्वयंपाक मी मन लावून केला. आत्यांसाठी म्हणून बार्शीकडची शेंगदाण्याची आमटी केली, भाकरी केल्या. आत्या पहिल्याच घासाला म्हणाल्या, "बरी केलंस गो." मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली.

"मीठ बरोबर आसा," त्या म्हणाल्या. "पण ह्येका चव खंय आसा?"

आत्या हसल्या. शालनने मान खाली घातली. मी जेवले नाही. पोटात दुखतंय म्हणून जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठी खेप होती. लग्नासाठीचे सगळे गर, चार रोवळ्या भरून. एक उतरवली की दुसरी चढवायची. सासूबाई भल्या पहाटे उठून निखारे करून बसल्या होत्या. मी गेले, पिंपाजवळ उभी राहिले. पहिल्या रोवळीला त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ती ठीक उतरली. दुसरीला पुन्हा तेच.

"आता कसलो वास येता?"

वास तेव्हा बदलला होता. इतके दिवस धुरात उभी राहून मला तेवढं कळायला लागलं होतं. गोडसर वास संपून त्याच्या मागून एक कडवट धार नुकती सुरू झाली होती. रोवळी त्या क्षणी उतरवायला हवी होती.

माझ्या मनात काय आलं ते मी लपवणार नाही. मला वाटलं, ह्या माझ्यापेक्षा चार हात जवळ उभ्या आहेत. ह्यांना माझ्यापेक्षा दहापट कळतं. तरी मलाच विचारायचं, का? मी चुकावं आणि आत्यांपुढे सांगता यावं म्हणून? तर मग चुकतेच मुद्दाम. बघू काय करतात. त्या ओरडतील, काठी फेकून रोवळी उतरवतील, आणि निदान एकदा तरी त्यांच्या तोंडून खरं उत्तर ऐकायला मिळेल.

"गोड येतोय," मी म्हणाले. "अजून कच्चट आहे जरा."

त्यांनी मान हलवली. मूठभर भुशी घेतली आणि निखाऱ्यांवर टाकली.

मी वाट बघत राहिले. वास कडू होत गेला. मला तिथे उभं राहवेना. सासूबाई गोणपाट हाताने चाचपून ओलं आहे ना बघत होत्या, पिंपाला दगड नीट टेकवत होत्या. धूर त्यांच्या तोंडावर येत होता. चेहऱ्यावर काही नाही. माझं मन सांगत होतं, बोल आता, आणि जीभ उचलत नव्हती. किती वेळ गेला सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील, दहाही असतील.

मागच्या दारातून आत्यांचा आवाज आला. "वयनी, करपता काय गो कायतरी?"

सासूबाईंनी चटकन गोणपाट ओढलं. काजू होते तसेच दिसत होते, तपकिरी. त्या रोवळीवर वाकल्या. नाक अगदी काजूंना लागेल इतक्या खाली. छाती भरून त्यांनी श्वास घेतला, एकदा, परत एकदा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि आत्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू विचारलं,

"करपले काय गो?"

तो वास तेव्हा अख्ख्या परसात पसरला होता. गोठ्यातल्या म्हशीलाही कळत असेल. आणि रोवळीत नाक घालून ही बाई मला विचारत होती, करपले काय.

त्या क्षणी मला सगळं कळलं. एकामागून एक नाही, एकदमच कळलं. आमटी, गुडघे, चार दिवसांचे प्रश्न, माझ्या तोंडाकडे लागलेली ती नजर. 

"हो," मी म्हणाले. "करपले."

आत्या तोपर्यंत येऊन पोचल्या होत्या. त्यांनी एक काजू तोंडात टाकला आणि तिथेच थुंकला. "इतक्या वर्सांत तुमच्या हातसून असा कधी झाला नाय वयनी. नाकात बोळे घातलंत काय?"

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याआधी सांगून टाकलं, "लक्ष नव्हता माजा, वन्सं. लग्नाचो घोर." आणि माझ्याकडे न बघता रोवळी उचलून माडाच्या अळ्यात पालथी केली. उरलेल्या दोन रोवळ्या झाकून ठेवल्या. निखाऱ्यांवर पाणी मारलं. मग घागर घेऊन त्या विहिरीकडे चालू लागल्या.

मी मागे गेले. विहीर घरापासून लांब, फणसाखाली. त्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. घागर रिकामीच होती.

"आई," मी म्हणाले, "मला कळलं होतं. वास कडू झालेला मला कळला होता. मी तुम्हाला मुद्दाम खोटं सांगितलं."

त्या वळल्या. मला वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

"कित्याक?" त्यांनी विचारलं.

"राग आला होता. काल आत्यांसमोर तुम्ही… आणि मला वाटायचं तुम्ही माझी परीक्षा घेताय. मला वाटलं, तुम्हाला कळेलच."

त्या कठड्याला पुन्हा टेकल्या. घागरीच्या काठावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"माका वास येना नाय," अखेर त्या म्हणाल्या. "दोन वर्सां झाली. तू येवच्या आदी माका मोठो ताप इलेलो. धा दिस हातरुणात होतंय. ताप गेलो, पण वास परत इलो नाय. पयल्यांदा वाटला, सर्दी आसा, जायत. मगे एक दिवस काळोखात सुक्या बांगड्यांचो डबो उघडलंय तर काय्येक नाय. जसो रिकामो डबो. शालनाक इचारलंय, बांगडे खंय गेले? ती हसली. म्हणाली, आये, हातात आसत तुज्या."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"काय सांगू? लोका काजूंसाठी बोलयतत. नाक नाय, तर मी कोण?" त्यांनी घागरीला दोर बांधला. "आणि जेवणाचा… तुजा जेवाण वायट नाय. माका ठावक आसा. सदा खाता, शालन खाता, बोटां चाटून खातत. पण माज्या तोंडात मीठ लागता, आंबट लागता, बाकी सगळा माती. दरवेळेक वाटता, आज कायतरी लागात. नाय लागला की तोंडातसून जाता. तुज्यावर जाता. ता बरा नाय."

मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी घागर विहिरीत सोडली आणि राहाट ओढायला लागल्या.

"शालनला का नाही विचारलंत? तिला तर तुमच्या काजूंचा वास लहानपणापासून माहीत."

"म्हणानच. तिका दुसऱ्याच प्रश्नाक कळला असता. लग्नाच्या तोंडार आवशीची काळजी घेऊन जाईत ती?" घागर वर आली. "तुका म्हायती नव्हता मी आदी कशी होतंय ता. म्हणान तुका विचारलंय."

"परत करू या," मी म्हणाले. "दोन रोवळ्या आहेत. कमी पडतील त्या बिया आज भाजू. या वेळी मी नीट सांगेन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तो विश्वास होता असं मी म्हणणार नाही. दुसरा उपाय नव्हता त्यांच्याकडे.

"घागर घे," त्या म्हणाल्या.

दुपारभर आम्ही बिया भाजल्या. भर उन्हात ती आग, बियांतून तेल उडून पेट घेत होतं, मी काठीने पत्रा हलवत होते आणि त्या लांबून राखेचं घमेलं घेऊन उभ्या. मग फोडायला बसलो. आत्याही बसल्या, शालन लांबून गप्पा मारत बसली. हातांना राख चोळूनही त्या तेलाने माझी बोटं काळी झाली आणि दोन जागी साल निघाली. सासूबाईंनी न सांगता खोबरेल आणून माझ्या हातांना लावलं. आत्या बघत होत्या. 

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांना देवळात पाठवून आम्ही दोघी परसात उभ्या राहिलो. आता त्यांनी पहिल्यांदा शिकवलं.

"पयलो धूर कच्चो. डोळ्यांत जाता, नाकात टोचता. तो सोडून दी. मगे टोचना थांबता. थंयसून लक्ष ठेव. मगे येता तो भाकरीचो पापुद्रो तव्यार लागल्यासारको. तो इलो की भुशी बंद. मगे जो वास येता…" त्या थांबल्या. डोळे मिटले. "तो माका सांगाक येवचो नाय. आठवता, पण सांगाक येना नाय. तो इलो की उतरव."

"मला कसा कळणार?"

"तुका आवाडलेलो कसलो वास आसा? आगीचो?"

मी विचार केला. "हुरड्याचा," मी म्हणाले.

"ता काय?"

मग धुराजवळ उभी राहून मी त्यांना हुरडा सांगितला. आमच्याकडे थंडीत ज्वारीची कणसं कोवळी असताना शेतातच गोवऱ्यांची आगटी करतात, कणसं त्यात खुपसतात, काढून तळहातावर चोळतात. त्या चोळण्यातून जो वास येतो तो धुराचा असतो आणि दुधाचाही. माझे वडील गरम दाणे माझ्या ओंजळीत फुंकर मारून टाकायचे. त्या ऐकत राहिल्या. ज्वारीचं शेत त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

भाकरीचा वास आला. मी सांगितलं, त्यांनी भुशी थांबवली.  मी वाकून श्वास घेत होते, ठसका दाबत होते. आणि मग धुरातून एक वास वर आला, राखेचा आणि दुधाचा, अगदी बारीक.

"आला," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की नाही. पण आला."

"मगे उतरव."

मी रोवळी उतरवली. निवल्यावर त्यांनी एक काजू दातांनी तोडला, बोटांत दाबून बघितला, कडकपणा बघितला. चव त्यांना कळणार नव्हती. मला म्हणाल्या, "खा." मी खाल्ला. आधी मीठ, मग काजूचा गोडवा आणि तो गिळून झाल्यावर मागून हळूच येणारा धूर. आयुष्यात तसलं काही मी खाल्लं नव्हतं. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून घेतलं आणि दुसरी रोवळी चढवली.

लग्न व्यवस्थित पार पडलं. देवगडच्या मंडळींनी काजू परत मागून घेतले. पंगती उठल्यावर मांडवात भागीरथीआत्या बशी मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एकेक काजू तोंडात टाकत. सासूबाई शेजारी येऊन टेकल्या. मी पाण्याचे पेले गोळा करत होते.

"वयनी, तुमचो हात परत इलो," आत्या म्हणाल्या.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. त्यांनी तरी सांगितलं.

"ह्ये काजू हिणां केल्यान, वन्सं. माका वास येना नाय. दोन वर्सां."

आत्यांचा हात बशीतच राहिला. मग त्या म्हणाल्या, "माका वाटलाच कायतरी. तुमी पत्रां धाडणा बंद केलंत, बोलणा कमी केलंत. माका वाटला, भाऊ गेलो तशी आमी पण तुमका परकी झालंव."

त्यांनी पुढे बशी केली. सासूबाईंनी त्यातला एक काजू घेतला आणि खाल्ला. दोघी नणंद-भावजय मांडव रिकामा होईपर्यंत तिथेच बसून होत्या.

नंतर मी त्यांना डॉक्टरकडे नेलं, आधी कुडाळला, मग गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात. सगळ्यांनी एकच सांगितलं, तापात नस गेली, दोन वर्षं झाली, आता परत येण्याची आशा धरू नका. परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "बरा झाला विचारलंव. आता रोज बघूक नको."

घरी आल्यावर दोन दिवसांनी, दुपारी, सदानंद कामावर गेलेले असताना त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. लाकडी पेटी उघडी होती. तळातून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. आत एक पांढरा सदरा होता, कॉलरीपाशी पिवळा पडलेला.

"सदाच्या वडलांचो," त्या म्हणाल्या. "गेले त्या दिवशी आंगात होतो. धुवक नाय मी. अदनामदना काढून हुंगी. त्यांचो वास येय. तपकिरीचो, घामाचो, त्यांचो." त्यांनी सदरा मांडीवर पसरला. "मगे ताप इलो. त्याच्यानंतर काढलंय तर काय नाय. माका कळना नाय, माजा नाक गेला म्हणान वास येना नाय, काय सदऱ्यातसूनच गेलो. दोन वर्सां ह्याच चालला डोक्यात. कोणाक विचारतलंय? शालनाक? सदाक?"

त्यांनी सदरा माझ्या हातात दिला.

मी तो नाकाशी धरला. कॉलर हुंगली, काखा हुंगल्या, बाह्या, खिसा. डोळे मिटून पुन्हा हुंगला. डांबराच्या गोळ्यांचा वास होता. जुन्या लाकडाचा, वर्तमानपत्राचा. माणसाचा कुठलाही वास त्यात उरला नव्हता. तपकिरीचाही नाही.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मला हो म्हणता आलं असतं. येतोय, बारीक येतोय, असं म्हटलं असतं तर त्यांनी सदरा पुन्हा गुंडाळून पेटीत ठेवला असता आणि मरेपर्यंत त्या सुखात राहिल्या असत्या. त्यांना तपासून बघता येणार नव्हतं. मी ते जवळजवळ म्हटलंच होतं.

"नाही, आई," मी म्हणाले. "डांबराच्या गोळ्यांचा येतो. त्यांचा गेलाय."

त्यांनी सदरा माझ्याकडून घेतला. त्यावरून हात फिरवला, सुरकुती सरळ केली.

"मगे गेलो," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "माज्यामुळे नाय."

"नाही. तुमच्यामुळे नाही."

त्या उठल्या. बादली घेतली, साबणाची वडी घेतली आणि सदरा खांद्यावर टाकून ओहोळाकडे उतरल्या. संध्याकाळी तो परसातल्या दोरीवर वाळत होता, दोन्ही बाह्यांना चिमटे लावून. सदानंद कामावरून आले, क्षणभर त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि मला म्हणाले, "हा कुठून आला?" मी म्हणाले, आईंना विचारा. ते आत गेले. मायलेकांचं काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण पुढच्या सोमवारी ते तो सदरा घालून कामावर गेले. त्यांना तो अगदी बेताचा बसत होता.